राणीचा काना

छापखान्यातल्या मुद्रितशोधकाला तोंडावर सगळे मास्तर म्हणत आणि पाठीमागे कानामात्रा. बायकोनं लिहिलेली वाणसामानाची यादीसुद्धा हा गृहस्थ लाल पेनानं दुरुस्त करूनच दुकानात न्यायचा. चूक दुसऱ्याची आणि दुरुस्ती आपली, यात त्यांचं अर्धं आयुष्य सुखात गेलं.

मग एका नव्या खेळाच्या तीनशे पत्त्यांचं काम आलं. सात बेटं, त्यांचे राजे, चेटकिणी, जलराक्षस. प्रत्येक पत्त्यावर चित्र आणि खाली नियम. सोबत बेटांच्या कथांची जाड वही होती. पोराटोरांच्या खेळात वाचायचंय काय, म्हणून मास्तरांनी ती उघडलीच नाही. धुक्याच्या राणीनं शत्रू समजून सख्ख्या भावाला मारलं आणि धुक्यात पुन्हा शस्त्र न उचलण्याची शपथ घेतली, हे त्या वहीत होतं. म्हणून अक्षरजुळणीच्या बाईंनी तिच्या पत्त्यावर बरोबर जुळवलं होतं, 'धुकं असेपर्यंत ही राणी मारत नाही.' मास्तर हसले. न मारणारी राणी कसली? त्यांनी काना उडवला आणि राणी मरेनाशी झाली.

पत्ते बाजारात गेले. धुक्याचा पत्ता टाकून राणी पुढे केली की समोरचा हात टेकायचा. पहिल्याच स्पर्धेत भांडणं जुंपली आणि खेळ रचणारी मुलगी रडवेली होऊन छापखान्यात आली. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, काना खाल्ला कुणी? मास्तरांना आपला लाल फराटा लख्ख आठवला, पण जिभेला कुलूप लागलं. बाईच म्हणाल्या, "मास्तरांची नजर चुकायची नाही. दुरुस्त्या घालताना माझ्याच हातून गेला असणार."

मालकांनी बाईंना महिनाअखेरीस काम सोडायला सांगितलं.

तीन दिवस मास्तरांना घास गोड लागला नाही. बाई पूर्वीसारख्याच "एकदा बघता?" म्हणत कागद पुढे करायच्या आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लाल पेन हातात धरायचीही लाज वाटू लागली.

चौथ्या दिवशी जाहीर खुलासा तपासायला आला, 'जुळणीच्या चुकीमुळे...' मास्तरांनी 'जुळणीच्या' खोडून 'मुद्रितशोधकाच्या' लिहिलं. ते वाचून बाईंचे डोळे भरले.

"माझ्यासाठी कशाला अंगावर घेता, मास्तर? तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता."

मोठेपणा आयता पदरात पडत होता. क्षणभर तो हवासाही वाटला, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

"अंगावर घेत नाही, बाई. तुमचा काना बरोबर होता. तो मी खोडला. आणि त्या दिवशी गप्प बसलो तेव्हा मला ते ठाऊक होतं."

बाई आपल्या जागेवर गेल्या. त्यांनी खुलासा जुळवला, तपासणीचा कागद काढला. मास्तरांनी सवयीनं हात पुढे केला. बाईंनी तो ओळीवर बोट ठेवून स्वतःच वाचला, शेवटच्या वेलांटीपर्यंत, आणि सरळ मालकांकडे घेऊन गेल्या.