साहेबासाठी ठेवलेला गढूळ ग्लास

त्या साहेबाचा राग मला आजही येतो. त्याहून जास्त त्या दिवशी आईचा आला होता.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपुरात कामठी रोडला लागून आमची वस्ती. पावसाळ्यात नळाला सकाळी तासभर चहासारखं पाणी यायचं, कारण पाइप गटारातून गेलेला आणि फुटका. आई रामटेकहून आणलेली निवळीची बी सहाणेवर उगाळायची, ते गंध घागरीत ढवळायची आणि घागर झाकून ठेवायची. दुपारपर्यंत गाळ तळाला जायचा. मग वरचं पाणी अलगद ओतून चौपदरी धोतरातून गाळायचं. पाणी काचेसारखं दिसे. पण निवळीनं गाळ बसतो, रोग बसत नाही. आदल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ काविळीनं मरता मरता वाचला, तो तेच काचेसारखं पाणी पिऊन. तेव्हापासून आम्ही ते उकळायला लागलो.

पाइप बदलून मिळावा म्हणून मी अर्जांवर अर्ज केले. शाळा सुटली की पाणीखात्याच्या बाकावर जाऊन बसायची. शेवटी साहेब पाहणीला आला, तोही मी शाळेत असताना, भर दुपारी, नळ कोरडा ठणठणीत असताना.

संध्याकाळी आई खुशीत होती. "साहेब आले होते वं. दोन गिलास पाणी पेले. उजेडात धरून पाह्यलं अन् म्हणाले, बाई, पाणी तं एकदम साफ हाये, काहून तक्रार करून राहिले तुम्ही?"

"कोणतं पाणी दिलंस?"

"निवळीचं. घरी आलेल्या माणसाले गढूळ पाणी देऊ का मी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तेच द्यायचं होतं! त्यासाठीच बोलावलं होतं त्याला!" सहाणेवरची बी उचलून मी अंगणात भिरकावली. आईनं चिखलातून बी शोधून आणली, धुतली आणि पुन्हा उगाळायला बसली.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन भांडले. कागदावर शेरा पडला होता: पाणी स्वच्छ, तक्रार निराधार. "पुन्हा पाहणी होईल," एवढंच ऐकून परतले.

घरी सांगितलं. आई नुसतं "बरं" म्हणाली.

सकाळी नळ आला तेव्हा तिनं पाहुण्यांचा काचेचा ग्लास थेट नळाखाली धरला, भरला आणि ताटलीनं झाकून दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला. मग रोज सकाळी जुनं पाणी फेकून ताजं भरायची.

साहेब काही फिरकला नाही. पावसाळाभर आई एकीकडे घागरीत निवळी घालत होती आणि दुसरीकडे, काम करता करता मध्येच उठून, त्या ग्लासातला गाळ खाली बसू नये म्हणून चमच्यानं ढवळत होती.