बांगडे आणि बांगड्या

“मुलांना गोष्ट सांगायचीय की मासळीबाजार भरवायचाय?”

मॅडमनी माझा कागद दोन बोटांत धरून वर्गाला दाखवला. कुजका मासा शेपटीला धरतात तसा. अख्खा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी. लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, ही विद्या मी रत्नागिरीच्या बंदरावरनं डी.एड.ला येतानाच घेऊन आलेलो.

विषय बालसाहित्य. प्रत्येकानं मुलांसाठी गोष्ट लिहायची, तीच शाळेत सराव पाठाला घ्यायची. माझ्या गोष्टीतली आई डोक्यावर पाटी घेऊन बांगडे विकते, मांजर तिच्या मागं मागं. माझीच आई. माझ्या पुस्तकाला शिवायच्या आधी हाताला लिंबू चोळणारी.

“बालसाहित्य सुवासिक हवं,” मॅडम म्हणाल्या. “आई बदला.”

बदलली. आधीच एकदा नापास झालेलो. आता पुन्हा झालो तर शिक्षण संपलं. घरी जेवता जेवता ‘डे’चं ‘ड्या’ केलं. आई बांगड्या विकायला लागली. काकणवाली!

खरी आई समोर वाढत होती. “काय लिवतोस रे?”

“गोष्ट.”

“माजी?”

“नाय.”

कागद ताटाखाली सरकवला.

पाठ बंदराजवळच्या शाळेत. मॅडम मागच्या बाकावर. मी अगदी रंगात येऊन वाचलं, “बांगड्यांचा वास आला आणि मांजर आईच्या मागं धावलं.”

बांगडे असोत की बांगड्या, वास ‘बांगड्यांचा’च. हे वाक्य तसंच राहिलेलं. मांजरासकट. असा मी हुशार.

पोरं खिदळली. पुढची मुलगी म्हणाली, “सर, हातातल्या बांगड्यांना कसला वास? पाटीत म्हावरंच असंल.” मग आवाज बारीक करून, “माजी आये पन इकते. पन ती गोष्टीत नसते.”

सवयीनं हसायला गेलो. हसू आलंच नाही.

“चुकलं माझं. बांगड्या नव्हत्या. बांगडे होते.”

“अहो, लिहिलंय ते वाचा!” मागून मॅडम.

“आधी लिहिलं होतं, ते वाचतोय.”

“मग नापास व्हायची तयारी ठेवा.”

तयारी कसली? तरी वाचलं. पाटी, खवले, मानेवरून गळणारं खारं पाणी. सगळं.

नापास झालो. आता भावाच्या होडीवर जाळं ओढतो, तेही धड जमत नाही. काल माझाच पाय त्यात अडकला. पुढचं काही दिसत नाही.

पुन्हा पाठ मिळाला, तर हीच गोष्ट. नाही मिळाला, तर जेटीवरची पोरं बसवून सांगेन. मांजर हवं तर काढतो.

आई बदलणार नाही.