सहा, सहा आणि एक

कतारच्या वाळवंटात इंग्रजांचं एकोणिसाव्या शतकातलं आघाडीचं मंत्रिमंडळ पुन्हा चालवून दाखवणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो आमच्या कंपनीचा टाइमकीपर, म्हणजे हजेरी ठेवणारा होता. रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले. सगळा कॅम्प त्यांना चाचा म्हणे. कॉलेजात इतिहास शिकले, पण त्या अख्ख्या इतिहासातलं एकच मंत्रिमंडळ त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. एकूण तेरा जण: जुन्या पक्षातून फुटलेले सहा, उदारमतवादी सहा आणि एक जहाल. वर्ल्ड कपच्या स्टेडियमचं काम चालू होतं; तिकडे जाणाऱ्या बसमध्ये चाचा ते मंत्री खातेवार म्हणून दाखवत. ड्रायव्हरला त्यांनी परराष्ट्र खातं दिलं होतं, कारण सिग्नलला तो सगळ्या देशांच्या माणसांशी भांडे. फुटबॉलच्या संघात अकराच खेळाडू, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. "दोन कमी पडतात, साहेब," असं मला सांगत.

बिरकत अल अवामेरच्या आमच्या कॅम्पचा मी प्रमुख. तिथल्या मेसमध्ये भातवाले आणि चपातीवाले यांचं हाडवैर. चपातीवाले दुपटीने जास्त, म्हणून मेस कमिटी त्यांची आणि भात रोज गार. एका शुक्रवारी ताटं उडाली. पुन्हा असं झालं तर तुम्हालाच घरी पाठवीन, असं मॅनेजरने मला बजावलं. मी चाचांना बोलावलं. त्यांनी हजेरीच्या कागदामागे नवी कमिटी लिहून दिली: भातवाले सहा, चपातीवाले सहा, आणि परांची बांधणारा एक नेपाळी, जो दोन्हींना नावं ठेवी.

चपातीवाले खवळले. थोड्यांना निम्म्या जागा कशा? त्यात चाचा स्वतः भातवाले, त्यावरून टोमणे झाले. चाचा ते ऐकून घेऊन म्हणाले, "ज्यांची डोकी जास्त त्यांचंच सगळं, तर ते सरकार कसलं? ती जेवणाची रांग झाली."

मी विचारलं, "यात तुम्ही कुठं, चाचा?"

"मी बाहेर. कुणीतरी हजेरी मांडायला हवं ना."

आठवड्याभरात भात गरम मिळू लागला आणि चपात्याही मऊ झाल्या. मोठे साहेब पाहायला आले, पोटभर जेवले आणि त्यांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? चाचा रजिस्टर घेऊन दाराशीच उभे होते. मी म्हणालो, "माझी."

मला प्रशस्तिपत्र मिळालं, मुदतवाढही मिळाली. स्टेडियम उभं राहिल्यावर परत पाठवायच्या माणसांची यादी निघाली, तिच्यात चाचांचं नाव होतं. माझ्या एका शब्दाने ते राहिले असते. पण त्यांना का ठेवायचं हे सांगताना खरं सांगावं लागलं असतं, म्हणून मी गप्प बसलो. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला. "मूळचं दोन वर्षांत लढाईपायी पडलं, साहेब. आपलं चार वर्षं टिकलं." आपलं म्हणाले.

वर्ल्ड कप मी नाशिकला घरी बसून पाहिला. संघ मैदानात उतरले की अजून माझ्या मनात दोन कमी पडतात. चाचांचा पत्ता मी कधी मागून घेतला नव्हता. ते प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढून ठेवलं आहे. ती कमिटी चाचांची होती, पहिल्या नावापासून तेराव्यापर्यंत. कुणीतरी हजेरी मांडायला हवं. त्यांची मी आज मांडतो आहे, फार उशिराने.