मडमेची भाकरी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही दापोलीकडचे. आमच्याकडे प्रत्येक चिंचेवर कोणी ना कोणी राहतंच, आणि लहानपणी मी मुद्दाम त्याच चिंचेखाली अभ्यासाला बसायचे. आजही कोणी असलं काही सांगायला लागलं की मला आधी हसूच येतं. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

ही गोष्ट बॉनची, २०१५च्या आसपासची. मी तिथे पीएचडी करत होते. एंडेनिश भागात तिसऱ्या मजल्यावर काट्रिन नावाच्या जर्मन मुलीबरोबर माझी WG होती – भाडं वाटून घेतलेलं घर, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. विषय होता एकोणिसाव्या शतकात कोकणात आलेली स्कॉटिश मंडळी. त्यातली एक होती इसोबेल, एका मिशनरीची बायको. नवऱ्यावर चार पानं लिहिलेली सापडतात, हिच्यावर चार ओळीसुद्धा नाहीत.

पण हिच्या गोष्टीचं एक टोक माझ्या घरातच होतं!

माझी आई नाचणीची भाकरी तव्यावर टाकली की उलथन्याने तिचे चार तुकडे करते आणि ते चुलीच्या धगीला उभे करून कडक होऊ देते. आमच्या वाडीत सगळ्याच बायका करतात. तिला म्हणतात मडमेची भाकरी. कुठली मडम, कोणाला ठाऊक नाही. बॉनला आल्यावर मला कळलं की स्कॉटलंडमध्ये ओट्सची भाकरी अगदी अशीच, चार तुकडे करून भाजतात. इसोबेलचं घर आमच्या वाडीला लागून होतं. तिला कोकणात ओट्स कुठून मिळणार? तिने नाचणी घेतली. माणूस विसरलं गेलं आणि भाकरी राहिली... हे लक्षात आलं त्या दिवशी मी खोलीत एकटीच नाचले होते. आईला फोन केला, तिचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि सांगितलं, "आई, तुझं नाव पुस्तकात येणार." तिने अख्ख्या वाडीत सांगून टाकलं.

त्यानंतर तो वास सुरू झाला. दुपारी इसोबेलवर काम करत बसले की नाचणी भाजल्याचा, कडेला किंचित करपल्याचा वास यायचा. स्वयंपाकघरात शेगडी बंद, थंडगार. घरात नाचणी औषधालाही नव्हती. मला वाटलं आईची आठवण येतेय म्हणून असेल. पण एकदा काट्रिन दारातून डोकावून म्हणाली, "पुन्हा ब्रेड जाळलास का?" म्हणजे वास तिलाही येत होता.

भीती अशी वाटली नाही. उलट सवय झाली. जर्मनीतल्या त्या करड्या दुपारी कोणीतरी सोबतीला आहे असं वाटायचं. मी चहा करताना एक कप जास्त ठेवायला लागले. हसा खुशाल.

आता मृणालताई. आमच्याच विभागात पोस्टडॉक, पुण्याची, नवऱ्यासह बॉनमध्ये स्थायिक. माझं आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, तिनेच करून दिलं, पहिल्या तापात खिचडी तिनेच आणली. स्कॉटलंडमध्ये एक छोटी धर्मादाय संस्था आहे, नाव सांगत नाही. स्कॉटिश इतिहासावरचं संशोधन आणि पुस्तकं यांना ती हातभार लावते. ताई म्हणाली, "अगं, त्यांना अनुभवी नाव लागतं. अर्ज मी टाकते, पुस्तक दोघींचं. तुझं सगळं मटेरियल दे." मी दिलं. आईचं रेकॉर्डिंगसुद्धा. आपल्या माणसाकडून लिहून कोण घेतं? वासाचंही सांगितलं, तर हसली. "झोप काढ जरा," म्हणाली.

मदत मंजूर झाली आणि जानेवारीत संस्थेचे एक वयस्कर गृहस्थ बॉनला आले. दुपारी सेमिनार होता. स्क्रीनवर पुस्तकाचं नाव आलं, खाली फक्त ताईचं नाव. मला वाटलं, चुकून राहिलं असेल. मग ती भाकरीवर आली आणि इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "माझी आई अशी भाकरी करायची."

तिची आई! जन्म सदाशिव पेठेतला, आणि नाचणी म्हणजे आजारी माणसाचं सत्त्व एवढंच ठाऊक असलेली!

त्या गृहस्थांचे डोळे पाणावले होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या आईचं नाव काय?" ताईने नाव सांगितलं. स्वतःच्या आईचं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, नीट उच्चारता यावं म्हणून. मी तिसऱ्या रांगेत होते. उठून बोलायला हवं होतं. चोराला चोर म्हणता येतं हो... ताईला कसं म्हणायचं?

घरी आले. वास नव्हता. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. मग आठवलं, तो गेले काही आठवडे येतच नव्हता. सेमिनारच्या गडबडीत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी भांडायला ताईकडे गेले. दार उघडंच, भर जानेवारीत सगळ्या खिडक्या सताड उघड्या, तिचा नवरा स्टुलावर चढून छताचा राउखमेल्डर, धुराचा अलार्म, काढतोय आणि ताई शाल गुंडाळून त्याला सांगतेय, "अहो, बॅटरीचा नाहीये, वायरिंगचाच वास आहे."

मी उंबऱ्यातच थांबले. नाचणी. कडेला किंचित करपलेली.

"कधीपासून येतोय?" मी विचारलं.

"मंजुरी आली ना, त्या आठवड्यापासून. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर दोनदा बघून गेला, त्याला काही सापडत नाही. डोकं उठलंय नुसतं. तू कशी काय आलीस?"

"ताई, ओळख ना कसला वास आहे."

"केबल जळतेय कुठेतरी, दुसरं काय?"

"तुझ्या आईची भाकरी आहे," मी म्हटलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. नवरा स्टुलावरून विचारत राहिला, काय झालं म्हणून. मी भांडण तसंच पोटात घेऊन परत आले.

पुस्तक निघालं. चांगलं निघालं, खोटं कशाला बोलू. आईला सांगितलं, रद्द झालं. ती म्हणाली, "असू दे गो, भाकरी काय पळून जातेय?"

लोक म्हणतील, इसोबेलने ताईला धडा शिकवला. मला तसं वाटत नाही. त्या वासात राग नव्हता, मला ठाऊक आहे ना तो वास! ती फक्त तिकडे गेली, जिथे तिचं नाव छापलं जाणार होतं. ताईचं मी समजू शकते, माणूस आहे, लोभ सुटला. पण इसोबेलसाठी मी चहा ठेवत होते. जी तिला ओळखतही नव्हती, खिडक्या उघडून हाकलत होती, तिच्या घरी ही राहिली. का, ते मला आजही कळलेलं नाही.

आता मी फ्रँकफर्टला असते, नोकरी वेगळीच. इथे देशी दुकानात नाचणीचं पीठ मिळतं. रविवारी भाकरी करते, तव्यावर चार तुकडे करते, शेगडी बंद करते आणि खिडकी न उघडता थोडा वेळ तिथेच उभी राहते. वास येतो. हळूहळू जातो. माझ्याच भाकरीचा असतो.