मॅन्युअल मागून वाचताना

नाहूरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर लिनक्स सिस्टिमची एखादी कमांड अडली की मी सीनियर मॅडमना विचारायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं, "मॅन्युअल वाचलंस का गं?" कमांडचं मॅन्युअल स्क्रीनवरच उघडतं; वाचायचे ना, पण पोथीसारखं, पहिल्या ओळीपासून. दुसऱ्या पानावर डोकं फिरायचं. त्यातून बाहेर कसं पडायचं तेही कळायचं नाही, म्हणून रागाने अख्खी विंडोच बंद करायचे.

पप्पा पेपर मागून वाचतात, आधी क्रिकेट. एका सकाळी त्यांना बघून सुचलं आणि ऑफिसात मी मॅन्युअलच्या थेट तळाशी गेले. तिथे तयार उदाहरणं होती. काम पाच मिनिटांत झालं. आता मी कुणाला विचारत नाही.

त्याच दिवशी स्क्रीनची सगळ्यात खालची ओळ पहिल्यांदा वाचली. बाहेर पडायला क्यू दाबा, असं तिथे रोजच लिहिलेलं असायचं.