सुभद्राबाईंची मोसंबी आणि परतूरचा कापूस

जालना स्टेशनच्या मालधक्क्यासमोर माझी लॉरी तिसऱ्या दिवशीही रिकामी उभी होती. मागून आलेल्या दोन गाड्या भरून गेल्या. उस्मानमियां लिंबाखाली बाजेवर बसून कोणाला कुठला माल द्यायचा ते सांगत होते. माझं नाव काही घेत नव्हते.

उस्मानमियां आमचे दलाल. व्यापारी त्यांना माल सांगायचे आणि ते आमच्यापैकी एखाद्या लॉरीवाल्याला पाठवायचे. एका फेरीच्या कामाला आम्ही भाडं म्हणतो. प्रत्येक भाड्यात त्यांचा थोडा हिस्सा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते ते. जालन्यात स्वतःची लॉरी असलेले आम्ही मोजकेच. मी आधी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. मालक झालो तरी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे मला सलायचं.

म्हणून गिऱ्हाईक आपणच शोधायचं ठरवलं. जालन्यातल्या आडती पालथ्या घातल्या. सगळे गोड बोलले, पाणी दिलं आणि उस्मानमियांकडेच जा म्हणाले. अनोळखी माणसाच्या हातात कोणी माल देत नाही, हे मला तेव्हा कळलं.

गिऱ्हाईक भेटलं ते बदनापूरच्या स्टेशनवर. तिथे मोसंबीच्या पाट्या उन्हात पडल्या होत्या आणि चाळिशीतली एक बाई मालबाबूला विचारत होती, की डबा आजही लागणार नाही का. त्या सुभद्राबाई. स्टेशनपासून दोन कोसांवर त्यांची मोसंबीची बाग. नवरा आदल्या वर्षी वारलेला. दोघे दीर म्हणत होते, बाग आमच्याकडे द्या, बाईमाणसाला माल विकणं जमायचं नाही. बाईंनी त्यांच्याकडून एक हंगाम मागून घेतला होता. तेवढ्यात जमलं तर जमलं.

मी म्हणालो, बैलगाडी नको, रेल्वे नको, बांधावरून माल उचलतो आणि त्याच दिवशी औरंगाबादला उतरवतो. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. मला घेऊन बागेपर्यंतचा रस्ता चालल्या. मधे एक ओढा होता. तिथे चाक रुतेल म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी गडी लावून त्यांनी ओढ्यात दगड भरून घेतले. मग म्हणाल्या, "भाऊ, तोडलेलं फळ परत झाडाला लागत न्हाई. तुम्ही येतो म्हणाले तरच मी तोडाय लावीन."

मी येतो म्हणालो.

पहिल्या तीन फेऱ्या बिलकुल बराबर झाल्या. औरंगाबादचा फळवाला खूश होता. तिसऱ्या फेरीला थोरले दीर स्वतः पाट्या उचलू लागले, तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. मीही खुशीत होतो. धक्क्यावर गेलो, तरी उस्मानमियांसमोर मान ताठ ठेवून चहा पिऊन यायचो.

चौथ्या फेरीच्या आदल्या दिवशी सकाळी परतूरचे एक मुनीम माझ्या घरी आले. त्यांच्या शेटजींचं परतूरला जिनिंग होतं. मंठ्याच्या बाजूला घेतलेला कापूस उघड्यावर पडलेला आणि आभाळ भरून आलेलं. अवकाळी पाऊस पडला तर कापूस काळा पडणार. मुनीम म्हणाले, "आज जल्दी गाडी घेऊन चला. शेटजींनी सांगितलंय, जो आज येईल त्यालाच सगळा हंगाम."

सगळा हंगाम. एवढं मोठं थेट गिऱ्हाईक जालन्यात कोणाकडेच नव्हतं. मी मनात हिशोब मांडला, की आज कापूस ओढतो, उद्या दुपारपर्यंत बदनापूर गाठतो. निघताना धक्क्यावरूनच गेलो. उस्मानमियां समोर बसले होते. मला उशीर झालाच तर उद्या बदनापूरला एक गाडी पाठवा, एवढंच सांगायचं होतं. पण त्यांना बाग कळली तर गिऱ्हाईक हातचं जाईल, या भीतीने मी गाडी थांबवलीच नाही.

एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं. पाऊस आलाच. रस्त्याचा चिखल झाला, दोनदा गाडी रुतली, पण शेटजींचा कापूस मी ताडपत्रीखाली कोरडा आणला. चौथ्या दिवशी बागेत पोचलो. तोडलेली मोसंबी बांधावर ढीग घालून ठेवलेली होती. वर कडबा टाकला होता, पण पाणी आत उतरलेलं. खालची फळं मऊ पडून वास सुटला होता. गडी चांगली फळं निवडून बाजूला काढत होते. बाई त्यांच्यात बसल्या होत्या.

मी सांगितलं, की गाडीचा पाटा तुटला. पाटा म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा जुडगा. तो तुटला की गाडी जागेवर बसते. रोज होणारी गोष्ट आहे, कोणीही विश्वास ठेवला असता.

बाई उठून लॉरीपाशी आल्या. हौद्याच्या फळ्यांच्या फटीत कापसाचे पुंजके अडकले होते. त्यांनी त्यातला एक ओढून काढला.

"पाटा तुटल्यावर हा कापूस कोणी भरला भाऊ?"

मग मला परतूरचं सांगावंच लागलं.

"परतूरला जातो म्हणाले असते, तरी चाललं असतं. मी बैलगाडी केली असती. मी दोन दिवस वाटंकडं बघत बसले. दीर म्हणले, गाडी सांगा दुसरी. मी म्हणले, भाऊ येतो म्हणालाय."

एवढंच बोलून त्या परत फळं निवडायला बसल्या. मी निवडू लागायला वाकलो, तर गड्याने पाटी माझ्यापासून बाजूला सरकवली.

पुढच्या हंगामात ती बाग दिरांच्या ताब्यात गेली. बाई माहेरी भोकरदनकडे गेल्याचं कानावर आलं. चूक फक्त माझीच होती असं कोणी म्हणालं नाही. मात्र दिरांना जे हवं होतं ते मी आयतं हातात दिलं, हे मला ठाऊक आहे.

परतूरच्या शेटजींनी शब्द पाळला. दोन हंगाम काम दिलं. तिसऱ्या हंगामात त्यांनी स्वतःची नवी लॉरी घेतली आणि तिच्यावर ड्रायव्हर म्हणून येता का, असं मला विचारलं. मी नको म्हणालो आणि परत मालधक्क्यावर गेलो. उस्मानमियांनी काही न विचारता तिसऱ्या दिवशी भाडं दिलं. खूप दिवसांनी मी त्यांना बदनापूरची हकिगत सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "मेरेकू बोलना था. दूसरी गाडी भेज देता."

पुढे मी बरीच थेट गिऱ्हाइकं मिळवली. नवीन लॉरीवाले विचारतात, कशी मिळवली. मी सांगतो, मिळवणं अवघड नाही, रस्ता नीट बघा, वेळेवर जा. पण एक ध्यानात ठेवा. दलाल मधे असला की आपण नाही गेलो तरी कोणीतरी जातं. तो नसला की कोणीच जात नाही.