ऐकू न आलेला अबोला

आमच्या कोळवण खोऱ्यात कुणाचं काही अडलं की आण्णांना बोलावणं यायचं. आण्णा म्हणजे माझे वडील. लग्नात मानपानावरून बिनसलं, भावाभावांत बांधावरून पेटलं, सून माहेरी जाऊन बसली, काहीही असो, ते टोपी घालायचे आणि निघायचे. संध्याकाळपर्यंत परत आले तर मिटलं असं आम्ही समजायचो. जेवायला थांबले तर नक्कीच मिटलं.

बोलून माणूस वळवणं हा त्यांचा उद्योग आणि माझाही. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत नव्याने लागलेल्या पोरांना संवाद कसा करावा ते शिकवते. मेल कधी लिहावी, फोन कधी करावा, समोर बसून काय बोलावं, न पटणाऱ्याला कसं पटवावं. आण्णांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, मग ती पोरं आत्तापर्यंत बोलत कशी होती? मी म्हटलं, बोलत नव्हती. त्यांना ते पटलं.

आण्णांना ऐकू येईनासं झालं ते नेमकं कधी, ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग त्यांनी फोन उचलणं सोडलं आणि आमच्या घरात रेंज नाही असं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. रेंज चांगली होती. मग हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं मत झालं. यात आई आली, भाऊ आणि वहिनी आले, मी आले, आणि बातम्या देणारी बाईही आली.

मी पिरंगुटला राहते. रविवारी गावी जाते. त्यांच्या कानाला मशीन बसवायचं हे काम माझ्याकडे आलं, कारण पटवायचं शिक्षण घरात माझंच झालं होतं.

मी सुरुवात छापील माहितीपासून केली. कानाच्या डॉक्टरांकडून एक पत्रक आणलं. त्यावर मशीन लावलेला एक म्हातारा हसत होता. आण्णांनी पत्रक पुढून मागून वाचलं. डोळे त्यांचे उत्तम आहेत. वाचून झाल्यावर म्हणाले की हा माणूस बहिरा नाही. बहिरा माणूस आधी समोरच्याच्या तोंडाकडं बघतो आणि मग हसतो, हा सरळ कॅमेऱ्यात बघून हसतोय. तेव्हा मला कळलं की त्यांना स्वतःचं सगळं माहीत आहे. पण ते त्यांनी पत्रकातल्या माणसाबद्दल सांगितलं होतं, म्हणून मी पत्रक घडी घालून पिशवीत ठेवलं.

मग मी व्हिडिओ दाखवला. त्यात एक आजोबा पहिल्यांदाच नातीचा आवाज ऐकतात आणि रडायला लागतात. आमच्या ऑफिसात हा व्हिडिओ पाहून दोघं-तिघं रडली होती. आण्णांनी मोबाइल हातभर लांब धरून तो शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "का रडतोय त्यो? नातीनं काय केलं?" तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की तो व्हिडिओ ऐकायचा होता.

मग मी माणूस आणला. शेजारच्या गावातले एक निवृत्त मास्तर मशीन वापरायचे. सांगणारा आपल्यातला असला की लोकांना लवकर पटतं, असं मी स्वतः वर्गात शिकवत असते. मास्तर आले, ओसरीवर बसले, पोहे खाल्ले. आण्णा आणि ते बराच वेळ बोलले. एक बियाण्याबद्दल बोलत होता आणि दुसरा रस्त्याच्या कामाबद्दल, पण दोघांचं छान जमलं. निघताना मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, मशीनची बॅटरी सकाळीच गेली, पण तुझ्या वडिलांशी बोलून बरं वाटलं.

ते गेल्यावर आण्णा माझ्याकडं बघून हसले. "मास्तरला तूच आनलंस," ते म्हणाले. "मी बी आसंच करायचो. पोरगी नांदायला नको म्हनली की तिच्या मामाला आनून बसवायचो."

यानंतर मी काही दिवस मशीनचं नाव काढलं नाही. मग एका वाटेचा विषय निघाला आणि माझ्या हातात होतं नव्हतं तेही गेलं.

आमच्या भावकीतल्या एकाच्या भाताच्या खाचराला लागून पुण्याच्या एका माणसानं जमीन घेतली होती. तिथं त्यानं घर बांधलं आणि चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं. खाचराकडं जायची जुनी वाट त्या कुंपणात गेली. भात कापणीला आलं होतं आणि भारे बाहेर काढायला जागा नव्हती. आमच्या भावकीतल्यानं कुंपण तोडायची भाषा केली, पुणेकरानं पोलिसांची केली. मग दोघांनीही आण्णांना निरोप पाठवला. आण्णांनी स्कूटर चालवणं सोडलं होतं, म्हणून मी त्यांना गाडीनं घेऊन गेले आणि तिथंच बसले.

पुणेकरानं तयारी चांगली केली होती. त्यानं जमिनीचा नकाशा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावला आणि एक एक रेघ दाखवत हळू, स्वच्छ मराठीत बोलायला लागला. भावकीतल्यानं टीव्हीकडं पाठ केली आणि फाटकाकडं बघत ओरडायला लागला. एकाचं हळू बोलणं आण्णांना ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याचं ओरडणं नुसता आवाज म्हणून पोचत होतं. ते मधे खुर्चीत बसले होते, हात काठीवर, मान किंचित पुढं.

पूर्वी ते समोरच्याच्या बोलण्यातला शेवटचा शब्द उचलून परत म्हणायचे, म्हणजे तो माणूस आणखी बोलायचा. आता शब्दच पोचत नव्हता. मग ते नुसतं म्हणाले, "बरं. म्होरं?"

पुणेकरानं पुढं सांगितलं. नकाशा संपला, कायदा झाला. आण्णा म्हणाले, "म्होरं?" आता त्याच्याकडं सांगण्यासारखं उरलं नव्हतं. त्यानं रिमोट खाली ठेवला आणि म्हणाला की खरं म्हणजे वाट द्यायला त्याची ना नाही. पण ती वाट त्याच्या आईच्या खिडकीखालून जाते. आईला झोप नाही, पहाटे ट्रॅक्टर गेला की ती घाबरून उठून बसते. हे त्यानं आधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आण्णांनी मान दुसरीकडं वळवली. "तुजं काय? म्होरं?"

भावकीतला दोनदा तेच ओरडला आणि तिसऱ्यांदा आवाज उतरला. म्हणाला, वाट गेल्याचं आहेच, पण आपल्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही. सकाळी खाचरावर आलो तर तार. शेजारी राहायचं आणि तोंडानं एक शब्द बोलायचा नाही? पुणेकर म्हणाला, मी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं लिहून पाठवलं होतं. भावकीतला म्हणाला, तो नंबर पोराचा आहे आणि पोरगं चाकणला असतं. यावर दोघांनी माना वळवल्या. एकमेकांकडं पहिल्यांदा बघत होते असं मला वाटलं.

मग ओढ्याच्या कडेनं वाट काढायचं त्यांनीच आपसांत ठरवलं. तिथं फाटक ठेवायचं, किल्ली दोघांकडं. पुणेकराची आई बाहेर आली आणि जेवूनच जा म्हणाली. आण्णांना तेवढं हातवाऱ्यावरून कळलं.

परत येताना गाडीत ते खूश होते. मी आवाज चढवून विचारलं की त्यांना किती ऐकू आलं. ते म्हणाले, "पान्याचं मिटलं म्हनायचं."

"पाण्याचं नव्हतं आण्णा. वाटेचं होतं."

त्यांनी खिडकीतून बाहेर बघत विचार केला. "वाटंचं बी मिटलं ना?"

मिटलं होतं. आता मशीन कशाला हवं, हे मला कुणाला सांगता येईना. खोऱ्यात तर उलट बोलायला लागले की आण्णा हल्ली फार शांतपणे ऐकून घेतात.

आईची गोष्ट त्यानंतरची. माझ्या मामाला, म्हणजे आईच्या भावाला, दवाखान्यात ठेवलं होतं. आईनं संध्याकाळी ओसरीवर आण्णांना सांगितलं की उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ, मला एकटीला धीर नाही. आण्णा म्हणाले, "व्हय, व्हय." सकाळी ती तयार होऊन बसली तर आण्णा पौडला निघून गेले होते. ती कुठं गेली ते वहिनीनं त्यांना नंतर सांगितलं, त्यावरही ते व्हय, व्हय म्हणाले. ती एस्टीनं एकटी गेली, भावाला भेटली आणि दुसऱ्या दिवशी आली. मामाचं फार काही नव्हतं, तो घरी आला. पण आईनं आण्णांशी बोलणं बंद केलं.

आईचा अबोला आमच्या घरात मोठं हत्यार होतं. लहानपणापासून मी पाहिलं होतं की खोऱ्यातली भांडणं मिटवणारे आण्णा आईच्या अबोल्यापुढं फार टिकत नसत. पहिला दिवस ते रागात काढायचे, दुसऱ्या दिवशी घरात उगाच वस्तू शोधायचे, आणि तिसऱ्या दिवशी चूक कुणाची का असेना, मान्य करायचे.

या वेळी तसं काही झालं नाही. आण्णा मजेत होते. वेळेवर जेवत होते, स्वतःच बोलत होते, स्वतःच हसत होते. आई ताट वाढायची आणि तोंड फिरवून बसायची, ते म्हणायचे भाजी झकास झाली. आठवडा गेला, दुसरा लागला. आई वाळत चालली. अबोला धरला आहे हे त्यांना सांगावं तर त्यासाठी बोलावं लागणार, आणि मग अबोला राहत नाही.

त्या रविवारी मी गेले तर आईनं मला चुलीपाशी बसवलं आणि म्हणाली, "त्यांना सांग, मी बोलत न्हाई म्हनून."

मी बाहेर आले. आण्णा अंगणात विळ्याला धार लावत होते. मी जवळ बसून सांगितलं, त्यांना कळलं नाही. मग मोठ्यानं सांगितलं. मग आणखी मोठ्यानं.

"आई तुमच्याशी बोलत नाही!"

समोरच्या घरातली माणसं दारात आली. त्यांना ऐकू गेलं होतं.

"कोन बोलत न्हाई?" आण्णा म्हणाले.

"आई! मामाकडून आल्यापासून!"

त्यांनी विळा खाली ठेवला. आत चुलीकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. ते असं बघायचे तेव्हा सहसा पुढं हसायचे, पण आता हसले नाहीत.

"मामाकडं कवा गेलती?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यासाठी शेजाऱ्यांनाही सगळं सांगावं लागलं. मामाला काय झालं होतं, आई काय म्हणाली होती, ते काय म्हणाले होते. ते मधे एकदाही "म्होरं" म्हणाले नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी विळा पुन्हा हातात घेतला, पण धार लावली नाही. समोरची माणसं आत निघून गेली. मी मशीनचा विषय काढला नाही. का काढला नाही ते सांगता येणार नाही, बहुतेक माझा घसा बसला होता.

जाताना ते गाडीपाशी आले आणि म्हणाले, "त्या डॉक्टरकडं कवा जायचं?"

कोथरूडच्या दवाखान्यात त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. आण्णा बरोबर दाबत होते. तपासणाऱ्या बाई गोंधळल्या, म्हणाल्या यांना तर चांगलं ऐकू येतंय. मी पाहिलं तर आण्णांची नजर काचेतून बाईंच्या खांद्यावर होती. आवाज सोडताना खांदा हलला की ते बटण दाबत होते. मी बाईंना सांगितलं, त्यांना भिंतीकडं तोंड करून बसवा.

बाईंनी बसवलं. मग बराच वेळ बटण दाबलं गेलं नाही. आण्णा पाठमोरे बसून होते, अंगठा बटणावर तयार ठेवून. मला तिथं थांबवेना, मी बाहेर जाऊन पाण्याची बाटली घेऊन आले.

मशीन मिळालं त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा फ्रिज बंद करायला सांगितलं. तो असा आवाज करतो हे त्यांना माहीत नव्हतं. मग ते चुलीपाशी जाऊन बसले. आई भाकरी थापत होती आणि तिचा अबोला चालूच होता. आता तो त्यांना ऐकू येत होता. मी दारात उभी होते. आण्णांनी एक भाकरी होऊ दिली, दुसरी होऊ दिली.

मग म्हणाले, "त्या दिशी तू काय म्हनली व्हतीस, ते पुन्यांदा सांग."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मला वाटलं ती उठून जाईल. पण तिनं सांगितलं. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ, भावाला दवाखान्यात ठेवलंय, मला एकटीला धीर न्हाई. जसंच्या तसं, त्याच आवाजात, न रागावता. आण्णांनी ऐकलं.

"जाऊ," ते म्हणाले.

मामा बरा होऊन घरी होता, तरी ते दोघं दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. मी सोडते म्हटलं तर आई नको म्हणाली. मामानं त्यांना दिवसभर बसवून ठेवलं आणि आजाराची हकीकत पहिल्यापासून सांगितली, मग गावच्या निवडणुकीची, मग सुनेची. आण्णांनी मशीन काढलं नाही. हे आईनं मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

घरी परत आल्यावर आण्णा ओसरीवर टेकले, टोपी काढली आणि म्हणाले, "लई बोलतो तुजा भाऊ."

"म्हाईत हाय मला," आई म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.